आता पाठ कर

रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. ती पुण्याला हॉस्टेलवर असते, टी.वाय.ला आहे, म्हणजे बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला, गणित घेतलंय. परवा रिअल अॅनालिसिसचा पेपर. आवाज बसलेला होता. रडून झालं होतं की रडू यायचं होतं ते कळेना. "आत्या, एकच विचारते. युनिफॉर्म कंटिन्युइटीचा थिअरम आठ मार्काला हमखास येतो. चारदा वाचला. पाठ करू की समजून घेऊ?" मी क्षणभरसुद्धा थांबले नाही. म्हटलं, "आता पाठ कर." ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

मी काही चुकीचं सांगितलं नव्हतं. मधे एकच दिवस, त्यात तिचे अजून दोन चॅप्टर बाकी. कुणीही हेच सांगितलं असतं. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. कूस बदलली की तिचं ते "बरं" ऐकू यायचं. त्यात सुटका होती, आणि थोडी निराशाही होती, निदान मला तशी वाटली. पंचवीसेक वर्षांपूर्वी मीही हाच प्रश्न कुणालातरी विचारला होता. मलाही हेच उत्तर मिळालं होतं. मी पाठ केला. पेपरात आला. आठपैकी आठ मिळाले. आणि तो थिअरम नेमकं काय म्हणतो, हे मला त्यानंतर कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

आमचं गाव निफाडच्या बाजूचं. दहावीपर्यंत सगळं मराठीतून. कॉलेज तालुक्याला, सकाळची सातची एसटी, आणि वर्गात शिरलं की सगळे शब्द बदललेले. शाळेतली मूळ संख्या इथे प्राइम झाली, सिद्धतेचं प्रूफ झालं, आणि "समजा" या साध्या शब्दाच्या जागी "लेट" आला. शाळेत गणित म्हणजे उत्तर काढायचं. पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची असते, तिथलं आणि आपलं जुळलं की वही मिटायची. इथे प्रश्नातच उत्तर लिहिलेलं असायचं. अमुक आहे असं दाखवा. आहे तर आहे, त्यात दाखवायचं काय, असं आम्हाला खरंच वाटायचं. बी.एस्सी.ला गणित घेणाऱ्या बहुतेक मुलांचे पहिले सहा महिने या एका कोड्यात जातात, आणि काहींची तिन्ही वर्षं.

आमचे एफ.वाय.चे सर उंच, खादीचा शर्ट घालायचे, खिशाला खडूची पांढरी कड लागलेली असायची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर एक रीत लिहिली. कुठलीही संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा, वर ४१ मिळवा. एक घेतला तर ४३. दोनाला ४७. तीनाला ५३. पुढे ६१, ७१, ८३, ९७, ११३, १३१, १५१. सगळ्या मूळ संख्या. सरांनी बाकांप्रमाणे संख्या वाटून दिल्या आणि प्रत्येकाला भागून बघायला लावलं. सबंध तास त्यात गेला, उरलेलं घरी. दुसऱ्या दिवशी एकेक जण उभा राहून सांगायला लागला: मूळ आहे सर, मूळ आहे सर. एकोणचाळीसपर्यंत पोचलो तेव्हा वर्गात उत्साह मावत नव्हता. आम्हाला एक नियम सापडला होता. मग सरांनी चाळीस घेतला. काही न गुणता, सावकाश लिहिलं: चाळीस चाळिसा, त्यात एक चाळीस, म्हणजे चाळीस वेळा एकेचाळीस. त्यात आणखी एक एकेचाळीस. म्हणजे एकेचाळीस एकेचाळिसा. १६८१. मूळ नाही. वर्ग एकदम गप्प झाला. बाहेर सायकल स्टँडवर कुणीतरी घंटी वाजवत होतं, ती ऐकू येत होती. सर म्हणाले, "एकोणचाळीस वेळा खरं ठरलं. मग चाळिसाव्यांदा ठरेलच, हे तुम्ही कशावरून म्हणत होता?"

ही रीत अठराव्या शतकातल्या ऑयलर या गणितज्ञाच्या काळापासून प्रसिद्ध आहे, हे पुढे कळलं. पण तो "कशावरून" मात्र आमच्या सरांचा. वह्या तपासताना समासात लाल शाईने तेवढाच एक शब्द लिहायचे. चूक अशी फुली नाही, बरोबर अशी खूण नाही. कशावरून? जिथे आम्ही "उघड आहे" लिहून पुढे सरकलो असू, नेमकं तिथे.

पुढच्याच तासाला त्यांनी देवळालीच्या कापरेकर मास्तरांचं ६१७४ करून दाखवलं. नाशिककडच्या मुलांना ते नाव ऐकून माहीत होतं, गणित माहीत नव्हतं. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, चढत्या क्रमाने लावायचे, मोठ्यातून लहान वजा करायची आणि पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ उणे २३५८, आलं ६१७४. कुठलीही घ्या, फार तर सात पायऱ्यांत तिथेच येता, आणि तिथून पुढे हलत नाही. एका मुलाने लगेच हात वर केला: सर, हेही चाळिसाव्याला मोडेल. सर इतके खूश झाले की खडू खाली ठेवला. म्हणाले, चार अंकी संख्या मोजक्याच आहेत, चिकाटी असेल तर सगळ्या तपासता येतात, आणि सगळ्या तपासल्या तर तीच सिद्धता. पण जिथे संख्या संपतच नाहीत तिथे तपासून काय होणार? पदवीच्या गणिताचा निम्मा भाग याच एका प्रश्नाला उत्तर देण्यात जातो, असं मला आता वाटतं. न संपणाऱ्या गोष्टींबद्दल, त्या सगळ्या बघता येत नसताना, खात्रीने बोलायचं कसं.

आणि मग एप्सिलॉन आला.

"फॉर एव्हरी एप्सिलॉन ग्रेटर दॅन झीरो, देअर एक्झिस्ट्स डेल्टा ग्रेटर दॅन झीरो, सच दॅट..." एस.वाय.ला हे वाक्य आम्ही पाढ्यासारखं म्हणायचो. एसटीत, डबा खाताना, एकमेकींची वेणी घालताना. कंटिन्युइटीची व्याख्या. शाळेत सांगायचे की पेन न उचलता आलेख काढता आला की झालं. इथे पेन नाही, आलेख नाही, फक्त दोन ग्रीक अक्षरं आणि त्यांचा क्रम. आधी एप्सिलॉन, मग डेल्टा. क्रम बदलला की मार्क गेले, एवढंच आम्हाला ठाऊक. टी.वाय.ला युनिफॉर्म कंटिन्युइटी आली तेव्हा तर तेच शब्द, तीच अक्षरं, फक्त एक तुकडा वाक्यात मागे-पुढे झालेला. फरक काय? मी शिकवणाऱ्यांना विचारलं नाही, वरच्या वर्गातल्या एका ताईला विचारलं. तिनेच सांगितलं, पाठ कर गं. तिच्याकडे तीन वर्षांचे पेपर होते, कुठला थिअरम कुठल्या साली आला त्याची यादी होती, आणि एक झेरॉक्स केलेली वही होती जी तिच्याही आधीच्या कुणाचीतरी होती. त्या वहीत एका ओळीत एक चिन्ह सुटलं होतं. माझ्या पेपरातही ते सुटलं असणार, कारण मी अक्षर न अक्षर तसंच उतरवलं होतं. तरी आठपैकी आठ.

त्या आठ मार्कांचं मला आजही वाईट वाटतं. कुणी फसवलं म्हणून नाही. कुणीच मला मधे अडवून विचारलं नाही, म्हणून.

दादा तेव्हा सातपूरला एका कारखान्यात मिलिंग मशीनवर होता. पुढे त्याने अंबडला भाड्याच्या शेडमध्ये स्वतःची दोन मशीनं टाकली. मी नोकरीला लागले होते, रविवारी त्याचा हिशोब लिहायला जायचे. कूलंट ऑइलचा तो गोडसर, जरा कुबट वास, पायाखाली चपलेला रुतणारा लोखंडाचा चुरा, कोपऱ्यात गणपतीच्या फोटोला रोजचं फूल. एका रविवारी एका पार्टीचे चाळीस पीस परत आले होते. दादा मायक्रोमीटर घेऊन एकेक मोजत होता, मी बाजूला चलनाचं पुस्तक घेऊन बसले होते. ड्रॉइंगवर मापापुढे लिहिलं होतं, प्लस मायनस पॉइंट झिरो दोन. मी सहज विचारलं, हे किती चालेल ते कोण ठरवतं? "पार्टी." आणि मशीन किती बारीक लावायचं ते? "ते आपण. त्यांनी किती सोडलंय ते बघून." मग त्याने मान वर न करता एक वाक्य सांगितलं: "त्यांनी कितीही कमी सोडू दे, तेवढ्यात बसवून दाखवता आलं पाहिजे. तर धंदा."

मी पेन खाली ठेवलं.

पार्टीने कितीही कमी सोडू दे. फॉर एव्हरी एप्सिलॉन. आपल्याला तेवढ्यात बसणारं सेटिंग काढता आलं पाहिजे. देअर एक्झिस्ट्स डेल्टा. आधी पार्टी बोलणार, मग आपण. क्रम का बदलायचा नाही ते त्या चुऱ्याने माखलेल्या स्टुलावर बसून कळलं. पार्टी काय मागणार हे ऐकायच्या आधी सेटिंग सांगून बसलो, तर ती त्याहून बारीक मागेल आणि आपण अडकू. जे वाक्य मी हजार वेळा म्हटलं होतं, ते पहिल्यांदा माझ्याशी बोललं.

चलनाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी तिथेच हिशोब मांडला. समजा चौरस प्लेट करायची आहे आणि पार्टीला क्षेत्रफळात एका चौरस मिलिमीटरपर्यंतचाच फरक चालतो. बाजू १० मिलिमीटर असेल तर बाजूत ०.०५ पेक्षा किंचित कमी चूक चालेल. बाजू १०० असेल तर ०.००५ पेक्षा किंचित कमी. बाजू १०००, तर ०.०००५ हूनही कमी. पार्टीने सोडलंय तेवढंच, पण प्लेट मोठी होत जाईल तसं सेटिंग बारीक बारीक करावं लागतंय. प्रत्येक प्लेटला तिचं तिचं सेटिंग आहे, ही झाली साधी कंटिन्युइटी. सगळ्या प्लेटांना चालेल असं एकच सेटिंग आहे का? नाही. प्लेट कितीही मोठी असू शकत असेल, तर नाही. असं एकच सेटिंग असणं म्हणजे युनिफॉर्म कंटिन्युइटी, आणि संख्येचा वर्ग करणाऱ्या फलाला, म्हणजे फंक्शनला, ती का नाही, ते हे. वाड्यात प्रत्येक खोलीला किल्ली असणं वेगळं आणि एकाच किल्लीने सगळ्या खोल्या उघडणं वेगळं. वाक्यातला तो एक तुकडा मागे-पुढे झाला होता, तो हाच.

या फरकाला मोठमोठे लोक अडखळले आहेत, हे नंतर वाचलं तेव्हा मला फार हायसं वाटलं. फ्रेंच गणितज्ञ कोशीने १८२१ मध्ये पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमधल्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी जे पाठ्यपुस्तक लिहिलं, त्यात एक विधान आहे: न तुटणाऱ्या, म्हणजे कंटिन्युअस, फलांची अनंत बेरीज करत गेलो आणि ती बेरीज एका ठरावीक किमतीकडे जाऊन ठरत असेल, तर तिचं फलही न तुटणारं. वाचायला अगदी रास्त. १८२६ मध्ये नॉर्वेच्या आबेलने एका तळटीपेत दाखवलं की याला अपवाद आहेत. त्याने पंचविशीही गाठली नव्हती. ज्याच्या नावाने आम्ही मॉडर्न अल्जिब्राच्या तासाला आबेलियन ग्रुप म्हणायचो, तोच हा. गोची किल्लीचीच होती. बेरीज प्रत्येक जागी ठरत होती, पण सगळ्या जागी एकाच वेगाने ठरत नव्हती. आणि जर्मन गणितज्ञ डेडेकिंड. हा तर शिकवताना अडला. १८५८ साली झ्युरिकला कलनाचे, म्हणजे कॅल्क्युलसचे, तास घेत होता, वय सत्तावीस. वाढत जाणारी पण एका हद्दीपलीकडे न जाणारी राशी कुठेतरी ठरतेच, हे पोरांना समजावताना आपण आकृतीचा आधार घेतोय, खरं कारण आपल्यापाशी नाही, हे त्याला टोचलं. त्याने स्वतःला आमच्या सरांचा प्रश्न विचारला. उत्तर त्याच वर्षी नोव्हेंबरात सापडलं, छापलं मात्र १८७२ मध्ये. ते उत्तर म्हणजे डेडेकिंडचे कट, आपण टी.वाय.च्या पहिल्या महिन्यात ते एका तासात उरकतो. त्यामागे एक शिक्षक वर्गासमोर उभा राहून अस्वस्थ झाला होता, हे सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं दिली पाहिजेत.

मला कुणी विचारलं की गणितात बी.एस्सी. करून काय मिळालं, तर मी इंटिग्रेशन सांगणार नाही. ते मी विसरले. कोसेट म्हणजे काय ते आठवायला आता वेळ लागेल. पण एक सवय राहिली. आमचे सर "कळलं का" असं कधी विचारायचे नाहीत. विचारायचे, "कुठल्या ओळीपर्यंत कळलं?" आणि खरं सांगावं लागायचं, कारण पुढचा प्रश्न त्याच ओळीवर असायचा. पहिल्या वर्षी आम्हाला ते सांगताच यायचं नाही. काहीच कळलं नाही, किंवा सगळं कळलं, या दोनच अवस्था आम्हाला ठाऊक. चौथ्या ओळीपर्यंत कळलं, पाचवी चौथीवरून कशी आली ते दिसत नाही, असं बोट ठेवून म्हणता यायला मला दोन वर्षं लागली. आज ऑफिसात एखादा कागद पुढे आला, घरात डॉक्टरांची फाईल आली, तरी मी हेच करते. इथपर्यंत कळलं. इथून पुढे नाही. हे म्हणताना लाज वाटत नाही.

मग त्या रात्री मी "पाठ कर" का म्हटलं?

पाठांतराला मी वाईट म्हणू शकत नाही, अडचण हीच आहे. आमच्या आईचं शिक्षण चौथीपर्यंत. संध्याकाळी दिवा लावून ती अभंग म्हणायची, सगळे तोंडपाठ, लहानपणी तिच्या आजीकडून आलेले. वडील गेले त्या वर्षी एका संध्याकाळी ती मधेच थांबली आणि म्हणाली, "हे मी सात वर्षांची असल्यापासून म्हणतेय, आज कळलं." मी तिथेच बसले होते. ते पाठ नसतं तर त्या संध्याकाळी कळायला तिच्याजवळ काय असतं? आणि माझं तरी काय वेगळं झालं? दादाच्या शेडमध्ये ते वाक्य माझ्या तोंडात होतं म्हणून तर त्याच्या बोलण्याला जाऊन चिकटलं. पाठ केलेलं कणगीतल्या धान्यासारखं असतं, वेळेला उपयोगी पडतं. पण कणगी कधीतरी उघडावी लागते. पेपर झाला की वह्या रद्दीत जातात, पुढच्या सेमिस्टरला नवे विषय येतात, आणि मागे वळून ये असं पोरांना कुणीही सांगत नाही. मीही सांगितलं नाही. "आता पाठ कर" म्हणताना त्यातल्या "आता"च्या पुढे काहीतरी म्हणायचं होतं, ते राहिलं. आणि ज्या गोष्टीने मला उलगडा झाला ती तिच्या स्वतःच्या वडिलांच्या शेडमधली, हेही मी तिला कधी बोलले नव्हते. दहा मिनिटांचं काम होतं.

दिवाळीला ती घरी आली, मी दादाकडे फराळाला मदत करायला गेले होते. वहिनी गॅसपाशी, आम्ही दोघी खाली वर्तमानपत्र पसरून करंज्या भरत होतो. पेपर कसा गेला विचारलं. "आला ना तो थिअरम. लिहिला सगळा." पुढे काही नाही. मग मी तिला ते परत आलेले चाळीस पीस सांगितले, पार्टी सांगितली, प्लेटांचा हिशोब सांगितला. ती कातण फिरवत ऐकत होती. मधे एकदा "थांब" म्हणाली आणि ०.०५ चा ०.००५ कसा झाला ते मनात करून बघितलं. मग म्हणाली, "पण आत्या, प्लेट जास्तीत जास्त एवढीच, असं आधी ठरवून टाकलं तर? मग सगळ्यात मोठ्या प्लेटचं सेटिंग सगळ्यांना चालेल की." मी म्हटलं, हाच तुझा थिअरम. दोन्ही टोकांनी बंद असलेल्या तुकड्यावर एकच सेटिंग पुरतं.

ती गप्प झाली. मला वाटलं, झालं.

"नाही गं," ती म्हणाली. "प्लेटांचं ठीक आहे, तिथे मोठी प्लेट सगळ्यात अवघड. पण दुसरं कुठलं फंक्शन घेतलं तर सगळ्यात अवघड जागा शेवटालाच असेल हे कशावरून? मधेच कुठेतरी असेल. किंवा अशी एक जागा नसेलच."

तिने आमच्या सरांना पाहिलेलं नाही. सर जाऊन आता बरीच वर्षं झाली.

माझ्याकडे पटकन द्यायला उत्तर नव्हतं. म्हटलं, प्रूफ म्हण बरं, पाठ आहे ना. तिने सुरुवात केली, भराभर, एकसुरात, जशी आम्ही म्हणायचो तशीच. प्रत्येक पॉइंटला त्याचा त्याचा डेल्टा, त्याच्याभोवती एक ओपन इंटरव्हल, हे सगळे इंटरव्हल मिळून पूर्ण तुकडा झाकतात, देअरफोर फायनाइटली मेनी ऑफ देम... आणि तिथे ती थांबली. हातातल्या करंजीची कड अर्धीच कातलेली.

"म्हणून फायनाइट," ती हळू म्हणाली. "मोजकेच इंटरव्हल पुरले, तर डेल्टाही मोजकेच. मोजक्यांत सगळ्यात लहान एक असतोच. तोच घ्यायचा. अवघड जागा शोधावीच लागत नाही." मग जरा वेळाने, "आणि मोजके पुरले नसते तर ते लहान लहान होत शून्याकडे जाऊ शकले असते. त्या मोठ्या प्लेटांसारखे."

दादा आंघोळ करून बाहेर आला होता, टॉवेलने डोकं पुसत दारात उभा होता. "कुठल्या प्लेटा?" त्याने विचारलं.

"बाबा, बसा इथे," ती म्हणाली, आणि पिठाच्या बोटाने वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासात चौकोन काढायला लागली.